चाकांनी सांगितलेला रस्ता, दगडांनी पटवलेला रस्ता

प्रश्न असा आहे: "क्युरिऑसिटी रोव्हरच्या रोजच्या जागांचे अक्षांश-रेखांश सार्वजनिक साठ्यातून उतरवून घेतले आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा काढली. लांबी नासा सांगते त्याच्या जवळजवळ दुप्पट येते. शिवाय दुसऱ्या एका फाइलवरून काढलेली रेषा काही ठिकाणी सरळ खडकाच्या कड्यावरून जाते, जिथं सहा चाकांचं यंत्र जाणं शक्य नाही. मंगळावर जीपीएस नाही, मग खरा रस्ता ठरवतात तरी कसा?"

मी पंचवीस वर्षं हवाई छायाचित्रांवरून नकाशे करतो आणि गेली दहा-बारा वर्षं मंगळाची छायाचित्रंही हाताळतो. कुठल्या मोहिमेत मी नाही. सगळ्यांना खुला असलेला डेटा घेऊन घरबसल्या हे उद्योग चालतात. तुमच्या दोन्ही चुका माझ्या करून झाल्या आहेत.

आधी लांबीचं बघू, ते पाच मिनिटांचं काम आहे. तुमची रेषा दुप्पट नाही, १.८८ पट आली असणार. भागून बघा. ही मंगळाची जमीन आहे हे तुम्ही क्यूजीआयएसला सांगितलंच नाही, म्हणून त्याने अक्षांश-रेखांश पृथ्वीचे धरले. पृथ्वीची विषुववृत्तावरची त्रिज्या ६३७८ किलोमीटर, मंगळाची ३३९६. विषुववृत्तावरचा एक अंश आपल्याकडे १११ किलोमीटरचा भरतो, मंगळावर ५९ किलोमीटरचा. लेयरला आयएयू २०१५ (आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या यादी) मधली ४९९०० ही मंगळाची प्रणाली द्या आणि प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एलिप्सॉइड, म्हणजे मोजणीसाठी धरलेला ग्रहाचा आकार, तोसुद्धा मंगळाचा करा. हे दुसरं बहुतेक जण विसरतात. लेयर बदलला तरी मोजपट्टी प्रोजेक्टचाच एलिप्सॉइड बघते.

पुढे ऑपॉर्च्युनिटी या आधीच्या मंगळ-रोव्हरचा रस्ता काढायला घेतलात तर रेखांशाचं एक त्रांगडं भेटेल. तो उतरला ती जागा एका फाइलीत ३५४.४७ दिसते, दुसरीत उणे ५.५३. दोन्ही बरोबर. पण जुन्या काही नकाशांत रेखांश पश्चिमेकडे वाढत जातात, तिथं तीच जागा अधिक ५.५३ म्हणून येते. हे मिसळलं की रोव्हर साडेसहाशे किलोमीटर लांब जाऊन पडतो. चूक इतकी मोठी असते की लगेच कळते, त्यामुळे तिची भीती नाही. भीती दहा-वीस मीटरच्या चुकीची. तुमची कड्यावरची रेषा त्या जातीची आहे.

आपल्याकडे जमिनीची मोजणी करताना ट्रॅव्हर्स घेतात. एका माहीत असलेल्या खुणेपासून निघायचं, प्रत्येक टप्प्याला अंतर आणि दिशा मोजायची, आणि शेवटी फिरून त्याच खुणेवर किंवा दुसऱ्या पक्क्या दगडावर येऊन मिळायचं. तिथं जो फरक उरतो तो क्लोजिंग एरर. तो मागच्या टप्प्यांत वाटून टाकला की ट्रॅव्हर्स बसला. आता रोव्हरचा विचार करा. तो एका जागी उतरतो आणि पुढेच जातो, परत म्हणून येत नाही. ऑपॉर्च्युनिटी जानेवारी २००४ मध्ये मेरिडियानीच्या मैदानातल्या ईगल नावाच्या जेमतेम २२ मीटरच्या विवरात उतरला आणि ४५.१६ किलोमीटर जाऊन एंडेव्हर विवराच्या कडेवर कायमचा थांबला. हा चौदा वर्षांचा न मिटलेला ट्रॅव्हर्स आहे. फरक वाटायला शेवटची खूणच नाही.

रोव्हर स्वतः आपली जागा कशी ठरवतो? सर्वांत साधं म्हणजे चाकांचे फेरे. क्युरिऑसिटीचं चाक ५० सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे एका फेऱ्याला साधारण १.५७ मीटर. टणक खडकावर हे ठीक चालतं, वाळूत चाक फिरतं आणि गाडी तिथंच राहते. पावसाळ्यात शेतात रुतलेला ट्रॅक्टर ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून सांगायला नको. ऑपॉर्च्युनिटी एप्रिल २००५ मध्ये वाळूच्या अशाच एका लाटेत रुतला. त्या लाटेला पुढे 'पर्गेटरी' नाव पडलं. तिच्यातून बाहेर यायला पाच आठवडे लागले. त्या काळात चाकं जेवढी फिरली त्यात, घसरण नसती तर, रोव्हर १९२ मीटर गेला असता. प्रत्यक्षात तो सुमारे एक मीटर सरकला. फेरे मोजून रेषा काढणाऱ्याने तिथं १९२ मीटरचा रस्ता आखला असता, आणि पुढचा सगळा मार्ग तेवढा ढकलला गेला असता.

दुसरी गोष्ट दिशा. मंगळाला ग्रहभर पुरेल असं चुंबकीय क्षेत्र नाही, होकायंत्र निरुपयोगी. रोव्हरमध्ये जायरो आणि प्रवेगमापक असतात. उभं-आडवं ते गुरुत्वाकर्षणावरून नीट सांगतात, पण उत्तर दिशा कुठं हे हळूहळू विसरतात. म्हणून अधूनमधून रोव्हर सूर्याचा फोटो काढतो आणि मंगळावरच्या वेळेवरून हिशेब करून उत्तर दिशा पुन्हा पक्की करतो. नाविकांचीच युक्ती. दिशेत एका अंशाची चूक राहिली तर शंभर मीटरला पावणेदोन मीटर बाजूला जातो, किलोमीटरला साडेसतरा.

तिसरी युक्ती मला सर्वांत आवडते, तिला व्हिज्युअल ओडोमेट्री म्हणतात. थोडं पुढे जायचं, थांबायचं, दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याने समोरच्या जमिनीचा फोटो घ्यायचा आणि आधीच्या फोटोतले तेच खडे शोधायचे. खडे हललेले नाहीत, म्हणजे जे काही सरकलंय ते आपण. २००४ च्या रोव्हरांचा, म्हणजे ऑपॉर्च्युनिटी आणि त्याचा जुळा स्पिरिट यांचा, प्रोसेसर २० मेगाहर्ट्झचा होता. त्याला हे जमायचं, पण एकेका पावलाला मिनिटं लागायची, म्हणून सरसकट वापरता येत नसे. उतारावर आणि वाळूत तेवढं चालू ठेवत. सपाट एकसारख्या वाळूत आणखी एक अडचण: धरायला खडेच नसतात. क्युरिऑसिटीच्या चाकांवर म्हणून भोकांची नक्षी आहे, तिचा ठसा मागे वाळूत उमटतो आणि फोटोत पकडायला खूण मिळते. नक्षी म्हणजे मोर्स लिपीतली टिंबं आणि रेघा, वाचली तर 'जेपीएल' निघतं, म्हणजे रोव्हर बनवणारी नासाची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी. प्रयोगशाळेने आपलं नाव मंगळावर मैलोन् मैल लिहून ठेवलं, तेही कामाच्या नावाखाली.

एवढं करूनही टक्का-दोन टक्के चूक साचतेच. तीस किलोमीटरला एक टक्का म्हणजे तीनशे मीटर. तुम्ही कड्यावरून गेलेली जी रेषा बघताय ती रोव्हरच्या या स्वतःच्या हिशेबाची आहे. रोव्हर खोटं बोललेला नाही, त्याला जे वाटलं ते त्याने सांगितलं.

आता खरा रस्ता. त्यासाठी वरून बघणारा कोणीतरी लागतो. २००६ पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनसन्स ऑर्बिटरवर हायराइझ नावाचा कॅमेरा आहे. साधारण तीनशे किलोमीटर उंचीवरून त्याच्या चित्रातला एक पिक्सेल २५ ते ३० सेंटिमीटर जमीन दाखवतो. क्युरिऑसिटी सुमारे तीन मीटर लांब, म्हणजे त्यात दहा-बारा पिक्सेलांचा ठिपका. कधीकधी मागे चाकांच्या दोन समांतर रेघाही दिसतात, वारा त्या पुसून टाकेपर्यंत. पण हा कॅमेरा रोज त्याच जागेवरून जात नाही. रोव्हरचा प्रत्यक्ष फोटो वरून मिळणं म्हणजे मोजणीत अधूनमधून सरकारी दगड सापडण्यासारखं. बाकीच्या दिवशी दगड आपणच शोधायचे.

ते असं करतात. दिवसाची चाल संपली की रोव्हर मानेवरच्या नेव्हिगेशन कॅमेऱ्याने चहूबाजूंचा फोटो घेतो. दोन डोळ्यांमुळे प्रत्येक दगडाचं अंतर कळतं, त्यावरून तो गोल फोटो जमिनीवर पसरून वरून पाहिल्यासारखा करतात. मधोमध रोव्हरच्या जागी मोकळी खळगी, जवळच्या दहा मीटरमध्ये सगळं स्वच्छ, आणि पुढे दगड ओढून ताणल्यासारखे, बाहेर किरणं जावीत तसे. हे चित्र अर्धपारदर्शक करून हायराइझच्या चित्रावर ठेवायचं आणि सरकवत, फिरवत बसायचं.

इथं एक पेच आहे. दोन डोळ्यांनी मोजलेल्या अंतराची चूक अंतराच्या वर्गाने वाढते. जवळचे दगड नेमके कळतात, पण ते लहान असतात, वरून दिसत नाहीत. एक मीटरचा दगड हायराइझमध्ये चार पिक्सेलांचा करडा डाग असतो. लांबचे मोठे खडक वरून छान दिसतात, पण रोव्हरला त्यांचं अंतर नीट सांगता येत नाही. माझ्या अनुभवात दहा ते चाळीस मीटरचा पट्टा कामाचा. त्यात तीन गोष्टी शोधा: एखादा सुटा मोठा दगड, उघड्या खडकाचा फिकट कोपरा, वाळूच्या लाटेचं वळलेलं टोक. त्यांचा त्रिकोण दोन्ही चित्रांत जुळला की रोव्हर कुठं उभा आहे ते अर्ध्या-एक मीटरपर्यंत कळतं. दोन जुळून तिसरं एकाच बाजूला सरकलेलं राहिलं तर बहुधा दिशेत चूक आहे. चित्र अर्धा अंश फिरवून बघा.

सावल्यांना भुलू नका. तो ऑर्बिटर मंगळावरच्या दुपारी तीनच्या सुमारास जागेवरून जातो, त्यामुळे हायराइझमधल्या सावल्या पूर्वेच्या अंगाला पडलेल्या असतात. रोव्हरचा फोटो दुसऱ्या वेळचा. नवशिके काळा डाग काळ्या डागावर बसवतात आणि दगडाच्या उंचीएवढे घसरतात.

मेरिडियानीत मी स्वतः चांगलाच फसलो होतो. तिथं मैलभर वाळूच्या एकसारख्या लाटा, दगड नावाला नाही. ऑपॉर्च्युनिटीचा एक मुक्काम मी दोन रात्री बसून बसवला, लाटेवर लाट तंतोतंत. दुसऱ्या दिवशीचा मुक्काम काही केल्या बसेना. शेवटी कळलं की मी एक लाट अलीकडे होतो. लाटाच त्या, शेजारची लाटही हुबेहूब तशीच. अशा ठिकाणी क्षितिजाकडे बघावं लागतं. तिथं एंडेव्हर विवराची कड फार लांबून दिसायची. ते विवर २२ किलोमीटर रुंद. आपलं लोणार पावणेदोनच्या आसपास, यावरून कल्पना करा. दोन-तीन शिखरांच्या दिशा घेऊन छेद काढला की कुठली लाट ते ठरतं.

स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटीच्या वेळी ओहायो स्टेट विद्यापीठात रॉन ली यांच्या गटाने याच्या पुढची पायरी केली. एका मुक्कामावरून दुसरा दिसतो, दोघांतही काही दगड सामाईक असतात, तर सगळ्या मुक्कामांचे सगळे फोटो एकाच गणितात घालून एकदम सोडवायचे. आम्ही हवाई छायाचित्रांना हेच करतो, बंडल अ‍ॅडजस्टमेंट म्हणतो. क्युरिऑसिटीसाठी जेपीएलमध्ये फ्रेड कॅलेफ नकाशांचं काम बघत आले आहेत आणि तिथला जाळ्यावरचा नकाशा चालवणारं सॉफ्टवेअरही खुलं आहे. पण मुळात माणूस पडद्यासमोर बसून दगडावर दगड ठेवतो, हे वर्षानुवर्षं तसंच होतं. अलीकडे पर्सिव्हरन्स या नासाच्या नव्या रोव्हरने हे जुळवण्याचं काम स्वतःच करायला सुरुवात केली आहे: वरचा नकाशा त्याच्या संगणकात आहे, तो आपला फोटो त्यावर ठेवून आपली जागा शोधतो. त्याचा फायदा नकाशापेक्षा चालीला जास्त. लांबच्या चालीत आपली जागा तीस-पस्तीस मीटर इकडेतिकडे असू शकते असं वाटलं, की रोव्हर धोक्याच्या भीतीने मध्येच थांबतो आणि पृथ्वीची वाट बघतो. जागा पक्की कळली की थांबायचं कारण उरत नाही.

आता "रस्ता नेमका किती लांब?" हा तुमचा न विचारलेला प्रश्न. तुम्ही एलिप्सॉइड सुधाराल तरी तुमचा आकडा नासाच्या आकड्याशी मीटरभरही जुळणार नाही, आणि ते बरोबरच आहे. रोज संध्याकाळच्या मुक्कामांचे ठिपके सरळ रेषेने जोडलेत तर दिवसातली वळणं गेली, लांबी कमी आली. चाकांचे फेरे घेतलेत तर घसरण धरली गेली, लांबी जास्त आली. लुनोखोद २ ची गोष्ट इथं सांगायलाच हवी. सोव्हिएत संघाची ही गाडी जानेवारी १९७३ मध्ये चंद्रावर उतरली. तिला आठ चालती चाकं आणि मागे एक नववं, इंजिन नसलेलं, फक्त अंतर मोजायला मोकळं फिरणारं चाक होतं, घसरण टाळायला. तिचा आकडा ३७ किलोमीटर, आणि चाळीस वर्षं तो विक्रम म्हणून राहिला. २०१३ मध्ये ऑपॉर्च्युनिटी त्याच्या जवळ पोचायला लागला तेव्हा मॉस्कोच्या भूमापन आणि नकाशाशास्त्र विद्यापीठात इरिना काराचेव्हत्सेवा यांच्या गटाने अमेरिकन चंद्रयानाच्या फोटोंत उमटलेल्या त्या चाकोऱ्या पुन्हा मोजल्या. चंद्रावर वारा नाही, चाकोऱ्या अजून तशाच आहेत. पहिला आकडा आला ४२ किलोमीटर! मग दोन्ही देशांच्या लोकांनी बसून एकाच पद्धतीने मोजायचं ठरवलं आणि ३९ किलोमीटरवर एकमत झालं. जुलै २०१४ मध्ये ऑपॉर्च्युनिटीने ४० ओलांडले तेव्हा विक्रम मोडला असं जाहीर झालं. गाडी तीच, चाकोऱ्या त्याच, आकडे तीन. म्हणून लांबी लिहाल तिथं ती कशावरून मोजली तेही लिहा.

तुमच्या फाइलींकडे येतो. क्युरिऑसिटीच्या जागांचा साठा प्लेसेस या नावाने नासाच्या ग्रहविज्ञान संग्रहात आहे. त्यात टेलिमेट्री म्हणून जे येतं ते रोव्हरचं स्वतःचं म्हणणं. लोकलाइज्ड म्हणून जे येतं ते दगडांवर बसवून सुधारलेलं. रस्ता काढायला दुसरं घ्या. पहिलं टाकू नका, दोन्हींतला फरक काढलात तर रोव्हर कुठं घसरत होता त्याचा आयता नकाशा मिळतो.

आणखी दोन सापळे. एक, खालचा नकाशा. हायराइझची सुटी पट्टी कुठून तरी उतरवली तर ती स्वतःच शंभर मीटरच्या आसपास सरकलेली असू शकते, कारण ती कक्षेच्या अंदाजावर बसवलेली असते. मग रस्ता बरोबर आणि जमीन चूक, आणि दोष रस्त्याला. ज्या मोझेकवर, म्हणजे पट्ट्या जोडून केलेल्या नकाशावर, मोहिमेने जागा बसवल्या तोच मोझेक घ्या. दोन, उंची. रोव्हरच्या स्थानिक चौकटीत एक्स उत्तरेला, वाय पूर्वेला आणि झेड खाली. होय, खाली म्हणजे अधिक. उलट समुद्रसपाटीसारख्या कल्पित पातळीवरून दिलेल्या उंचीत वर म्हणजे अधिक, आणि क्युरिऑसिटी फिरतो त्या गेल विवराचा तळ त्या पातळीच्या खूप खाली असल्याने सगळे आकडे उणे. मी एकदा दोन्ही एकत्र केले. क्युरिऑसिटी पहिल्या दहा वर्षांत सव्वासहाशे मीटर चढला आहे, माझ्या आलेखात तो तेवढाच खोल खाणीत उतरत होता. आलेख सुरेख आला होता, म्हणून आठवडाभर शंका आली नाही.

सगळं बसवून झालं की पडताळा दोन ठिकाणी घ्या. २०१३ च्या अखेरीस टोकदार खडकांनी क्युरिऑसिटीची ॲल्युमिनियमची चाकं फाटायला लागली, म्हणून मऊ वाटेच्या शोधात फेब्रुवारी २०१४ मध्ये तो डिंगो गॅप ओलांडून गेला. दोन बुटक्या उंचवट्यांमधली फट आणि तिच्यात मीटरभर उंच वाळूचा बंधारा. झूम करा, रेषा फटीतून जायला हवी. ती बाजूच्या उंचवट्यावर चढली असेल तर किती मीटर चढली ते मोजा, तुमची चूक तेवढी. दुसरं ठिकाण हिडन व्हॅली, ऑगस्ट २०१४. तिथली वाळू अपेक्षेपेक्षा फार घसरडी निघाली, रोव्हर थोडा आत शिरला आणि मागे फिरला. जाण्याची आणि येण्याची रेषा जवळजवळ एकमेकींवर पडायला हवी. आधी ती टेलिमेट्रीवरून काढा. त्या दोन रेषांत जी फट दिसेल, तोच या ट्रॅव्हर्सचा क्लोजिंग एरर, सगळ्या प्रवासात क्वचित हाती लागणारा. मग लोकलाइज्ड फाइल लावून बघा ती फट किती मिटते.